खालची कवळी

कारखान्यात त्याला सगळे थाऊच म्हणत. इंचाचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक थाऊ, आणि हा फिटर आयुष्यभर तेवढ्यासाठी भांडला. दुसरा कोणी 'बसलं' म्हणाला की हा म्हणायचा, 'दोन थाऊ उचललंय.' माप लावलं की खरंच दोन निघायचे. हळूहळू खरं नाव हजेरीच्या यादीपुरतं राहिलं. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी घड्याळ दिलं, त्याच्या पाठीवरही थाऊ एवढंच कोरलं होतं.

कारखाना पाण्याच्या मोठ्या पंपांच्या दुरुस्तीचा. पंपाचा फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यांत टेकतो त्या बेअरिंगा हातानं खरवडून बसवाव्या लागत. शाफ्टला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, तो बेअरिंगमध्ये ठेवून थोडा फिरवायचा आणि उचलायचा. बेअरिंग जिथं उंच असेल तिथं निळा डाग उमटतो. तेवढाच डाग तीन धारांच्या स्क्रेपरनं खरवडायचा. मग पुन्हा निळं, पुन्हा शाफ्ट, पुन्हा खरवड. एकेका बेअरिंगला दोन दोन दिवस जात. घाई करणाऱ्याची बेअरिंग महिन्याच्या आत तापून जळायची. थाऊची चाळीस वर्षांत एकही जळाली नाही. हे तो आपण होऊन कुणाला सांगत नसे. पण कुणी थट्टेनं 'एखादी तरी जळाली असेल की' म्हटलं, तर डबा अर्धा टाकून उठायचा.

इतका काटेकोर माणूस, पण दातांचे मात्र त्यानं हाल केले. दोन्ही हात कामात गुंतलेले असले की तोंड हा त्याचा तिसरा हात. तारेचं वेष्टण दातानं सोलायचं, पिना दातांत धरायच्या, डब्याचं झाकण दातानं उपटायचं. हिरड्यांतून रक्त आलं की मिठाच्या पाण्याची चूळ, की झालं. साठी उलटली तसे दात हलायला लागले. त्रेसष्टाव्या वर्षी चार खेपांत होते नव्हते ते सगळे काढले आणि दोन कवळ्या आल्या, एक वरची, एक खालची.

वरची शहाणी निघाली. टाळूला घट्ट धरून बसली ती बसलीच. तिचा जाच एकच. टाळू झाकली गेल्यामुळं चवीतलं निम्मं गेलं, आणि चहा किती गरम आहे ते घशाखाली उतरल्यावरच कळायला लागलं. खालची मात्र पहिल्या दिवसापासून वैरीण. तिला धरायला टाळू नाही. घोड्याच्या नालासारखी ती हिरडीच्या अरुंद कडेवर नुसती ठेवलेली. आतून जीभ ढकलते, बाहेरून गाल ढकलतो. थाऊ म्हणायचा, हे बसवणं नव्हे, हे ठेवून देणं झालं.

आठ वर्षं त्यानं ते ठेवून दिलेलं सांभाळलं. शिंक यायच्या आधी हात तोंडाशी न्यायचा. हसताना ओठ मिटून, त्यामुळं तो नाकातून हसतो असं नातेवाइकांत ठरलं. फोनवर स आणि श म्हणताना शिट्टी वाजायची, म्हणून तो ते शब्द टाळून बोलायचा. स्वतःच्या साडूला फोनवर 'मेव्हणीचे यजमान' म्हणायचा. अंजिराची एक बी कवळीखाली गेली की बुटात खडा गेल्यासारखं व्हायचं, आणि चारचौघांत बूट काढता येतो तशी कवळी काढता येत नाही. चिकटवायची पूड मिळते, ती तो सकाळी लावायचा. दुपारपर्यंत तिचा दम संपायचा. रात्री दोन्ही कवळ्या पाण्याच्या वाटीत. बायकोनं त्या वाटीला लाल दोरा बांधून ठेवला होता, कारण एकदा तिनं त्याच वाटीत डाळ भिजत घातली होती.

हे सगळं त्यानं निभावलं. तक्रार केली नाही. निभावलं नाही ते कणीस.

निवृत्त झाल्यावर त्यानं घरात जेवायला एक मोठं टेबल केलं होतं. आठ माणसं बसतील असं, जाड लाकडाचं. त्याची फळी त्यानं बेअरिंगसारखीच निळं लावून, खरवडून सपाट केली होती. वर पाणी सांडलं तर कुठंच वाहत नसे, जागच्या जागी थांबायचं. खिडकीकडच्या टोकाला त्याची खुर्ची. घरात मुलगा, सून, बायको. रविवारी बहुतेक वेळा व्याही आणि विहीणबाई यायचे. व्याही शाळा तपासणीस होते. बोलायला पटाईत. कोणत्याही वाक्याला शेपूट लावून माणसं हसवायची त्यांना सवय.

त्या रविवारी मक्याची उकडलेली कणसं होती. थाऊनं एक उचललं, नेहमीसारखं कडेच्या दातांनी न खाता समोरून चावलं आणि ओढलं. कणीस हातात आलं आणि त्याच्यात रुतलेली खालची कवळीही आली. दाण्यांच्या ओळीत दातांची आणखी एक ओळ.

मग व्याही म्हणाले, 'व्याहीबुवा, तुम्ही कणसाला चावताय की कणीस तुम्हाला?'

सगळे हसले. मुलगा हसला, विहीणबाई हसल्या, सून खाली मान घालून हसली. बायकोसुद्धा हसली, आणि हसून झाल्यावर तिला वाईट वाटलं. थाऊनं कवळी सोडवली, रुमालानं पुसली, खिशात घातली आणि उठला. पुढचं जेवण त्याच्याशिवाय झालं.

कोणी त्याला काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सातलाच सून एका वाडग्यात मऊ भात आणि कुस्करलेला बटाटा घेऊन यायला लागली. बाकीचे आठला जेवायचे. सून मनानं वाईट नव्हती. सासऱ्याला ओशाळं व्हायला नको, एवढाच तिचा हेतू. थाऊ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तो भात गिळायचा आणि आठ वाजता भिंतीपलीकडून ताटांचे आवाज ऐकायचा. खिडकीकडची खुर्ची रिकामी. महिनाभरात तिच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या यायला लागल्या.

त्या घड्या पाहिल्या तेव्हा थाऊचं डोकं फिरलं. स्वतः केलेल्या टेबलाशी आपल्याला जागा नाही, आणि तेही एका कवळीच्या हलण्यापायी, हे त्याला सोसवेना. कवळी हलते म्हणजे ती नीट बसवलेली नाही. नीट बसवलेली नाही म्हणजे बसवायची. त्यात दुसऱ्याला काय विचारायचं.

मागच्या पडवीत त्याचं हत्यारांचं बाक होतं. तिथं त्यानं कवळी पुढ्यात घेतली, निळ्या रंगाची जुनी नळी शोधून काढली, बोटाला अगदी थोडा रंग घेऊन खालच्या हिरडीवर पसरला. कवळी बसवली, दाबली, काढली. कवळीच्या आतल्या अंगाला तीन ठळक डाग. बरोबर, इथंच दुखायचं. त्यानं स्क्रेपर घेतला आणि केसाएवढं खरवडलं. पुन्हा निळं, पुन्हा तोंडात, पुन्हा बाहेर. संध्याकाळी बायकोनं चहा आणला, त्यानं मान वर केली आणि तिनं कप घाईनं बाकावर टेकवला. ओठ, जीभ, हिरड्या, सगळं निळं. ती म्हणाली, आरशात बघा आधी, आणि मग दवाखान्यात चला. त्यानं सांगितलं, रंग आहे, जाईल. रंग जायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत दूधवाल्यानं दोनदा विचारलं, काकांना हृदयाचं काही आहे का.

पण कवळी बसली. खरोखर बसली. चार दिवस त्यानं काकडी खाल्ली, भाजलेले दाणे खाल्ले. पाचव्या दिवशी दुसऱ्याच जागी टोचायला लागलं. त्यानं पुन्हा निळं लावलं. पुन्हा चार दिवस. मग तिसरी जागा. तीन महिने हे चाललं. थाऊला नवल वाटत होतं. बेअरिंग एकदा बसली की बसते. ही रोज नव्यानं बिघडत होती, आणि त्याच्या हातात तर खोट नव्हती. म्हणून त्यानं आणखी मेहनत घेतली. शेवटी एक दिवस बेसिनपाशी धुताना ती हातातच मोडली. काठ इतका पातळ झाला होता की त्यातून उजेड दिसत होता.

दोन तुकडे रुमालात बांधून तो दातांच्या डॉक्टरणीकडे गेला. डॉक्टरीण त्याच्या मुलाच्या वयाची. तिनं तुकडे दिव्याखाली धरले, भिंगातून पाहिले आणि विचारलं, 'यावर काम कुणी केलंय?'

'मी.'

'कशानं?'

'तीन धारांच्या स्क्रेपरनं. मग बारीक कागद.'

'हात चांगला आहे,' ती म्हणाली. 'काम चुकीचं आहे.'

चाळीस वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्याला उठून जावंसं वाटलं. पण खुर्ची मागं कललेली होती आणि छातीवर कागदी रुमाल बांधलेला होता, त्यामुळं उठायला वेळ लागला, आणि तेवढ्यात तिनं विचारलं की हे तुम्ही नेमकं कसं केलंत ते मला सांगा. त्यानं सांगितलं. शाफ्ट, बेअरिंग, निळे डाग, सगळं. तिनं मध्ये न बोलता ऐकलं. मग खणातून एक निळ्या कागदाची पट्टी काढून दाखवली. दात एकमेकांवर नीट बसतात का हे पाहायला ती पेशंटला हीच चावायला द्यायची, आणि उंच जागी निळा ठिपका उठायचा. थाऊनं ती पट्टी बराच वेळ बोटांत धरली. बाईबद्दलचं त्याचं मत तिथं बदललं.

'पद्धत तुमची बरोबर आहे, काका,' ती म्हणाली. 'पण तुम्ही बेअरिंग खरवडत बसलात, आणि इथं शाफ्टच झिजतोय.'

तिनं जबड्याचा एक्स-रे काढून दिव्यावर लावला. दात गेले की त्यांना धरणारं हाड कामाविना राहतं आणि आटत जातं. वर्षाला थोडं थोडं. त्याच्या खालच्या जबड्याची कड आठ वर्षांत पाच मिलिमीटर उतरली होती. थाऊनं मनात हिशेब केला. जवळजवळ दोनशे थाऊ. दोन थाऊसाठी तो माणसांशी अबोला धरायचा, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडात दोनशे गेले होते.

तिनं तीन वाटा सांगितल्या. एक, नवी कवळी. दोन वर्षं बरी बसेल, मग पुन्हा हेच. दुसरी, जबड्याच्या पुढच्या भागात टायटॅनियमचे दोन स्क्रू. हाड त्यांना धरून भरतं. त्यांच्या डोक्यांवर बटणं आणि कवळीच्या आत त्या बटणांच्या टोप्या. कवळी वरून दाबली की टक् करून बसते, ओढली की निघते. तिसरी, चार किंवा जास्त स्क्रू आणि त्यांवर पक्की बसवलेली दातांची पट्टी. ती सगळ्यांत मजबूत, पण घरी काढता येत नाही, डॉक्टरच उघडणार. रक्तातली साखर ताब्यात नसेल तर दुसरीही नाही आणि तिसरीही नाही, हेही तिनं त्याच दमात सांगितलं. त्याची साखर थोडी वर होती.

थाऊनं विचारलं, दुसऱ्या वाटेत झिजतं काय. ती म्हणाली, टोप्यांतलं नायलॉनचं अस्तर. वर्षा-दीड वर्षानं बदलायचं, पाच मिनिटांचं काम. हे त्याला पटलं. झिजायचा भाग वेगळा ठेवला होता आणि तो स्वस्त होता. ज्यानं हे बनवलं त्याला काम कळत होतं. शिवाय रोज रात्री काढून स्वतःच्या हातानं घासता येणार होतं. जे आपल्याला उघडता येत नाही ते यंत्र थाऊनं कधी घरात ठेवलं नव्हतं. तो म्हणाला, दोन स्क्रू.

घरी मुलानं विरोध केला. तो वाईट मुलगा नव्हता. पण त्याला शस्त्रक्रियेची भीती, साखरेची भीती, आणि त्याहून जास्त, एवढ्या खटाटोपाचा अर्थ त्याला लागेना. मऊ जेवण मिळतंय, सगळं वेळेवर मिळतंय. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, 'बाबा, एकाहत्तराव्या वर्षी जबड्यात भोकं पाडायची? आता आणखी किती खाणार आहात?'

'जेवढं राहिलंय तेवढं,' थाऊ म्हणाला. 'पण चावून.'

आणि विषय संपवून तो फिरायला गेला. रोज सकाळी पाऊण तास, रोज संध्याकाळी पाऊण तास. चहातली साखर बंद. भात निम्मा. तीन महिन्यांनी साखर उतरली. तपासणीचा कागद त्यानं मुलाच्या पुढ्यात ठेवला. मुलानं तो वाचला आणि दवाखान्यात बरोबर जायला रजा काढली.

त्या तीन महिन्यांतही जेवण सातलाच, स्टुलावरच होतं. एक दिवस तो बायकोपाशी कुरकुरला, की माझ्या टेबलावरून मला उठवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, 'कुणी उठवलं नाही तुम्हाला. हसले सगळे, मीपण हसले, ते चुकलंच. पण उठलात तुम्ही. कारखान्यातसुद्धा डबा टाकून उठायचात.'

थाऊला ते झोंबलं. झोंबलं म्हणून तो दोन दिवस बोलला नाही. पण तिसऱ्या दिवशी खुर्चीवरच्या कपड्यांच्या घड्या त्यानं स्वतः उचलून कपाटात ठेवल्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी जबडा बधिर केला होता, कान मात्र जागे होते. पहिला स्क्रू आत जाताना डॉक्टरणीच्या हातात छोटा टॉर्क पाना होता. ठरलेला जोर आला की त्याची मूठ आपोआप लचकते, पुढं पिळत नाही. ती लचक थाऊला ऐकू आली. तोंड उघडं होतं म्हणून त्यानं बोटांनी विचारलं, किती. ती म्हणाली, पस्तीस. दुसऱ्या स्क्रूला तिनं पाना फिरवला आणि लचक आली नाही. तिनं हात थांबवला. थाऊनं पुन्हा बोटं हलवली.

'वीस,' ती म्हणाली. 'इथलं हाड मऊ आहे. मी आणखी पिळणार नाही. चार महिने थांबू, हाड भरू दे.'

तिला पस्तीस म्हणता आलं असतं. त्याला काय दिसणार होतं. जो माणूस कमी आलेलं माप कमीच सांगतो, त्याच्या हाताखाली थाऊ चार महिने काय, वर्षभर थांबला असता.

पहिले दोन आठवडे खालच्या जबड्यावर काहीही ठेवायचं नव्हतं. दहाव्या दिवशी रविवार होता. व्याही आणि विहीणबाई येणार होते. सुनेनं दारात उभं राहून हळूच विचारलं, बाबा, तुम्हाला आधी वाढू का.

'नको. सगळ्यांबरोबर.'

मुलगा आतून आला. 'पण बाबा, दात…'

'दात नाहीत,' थाऊ म्हणाला. 'तोंड आहे.'

आठला तो खिडकीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला. वरची कवळीही त्यानं काढून ठेवली होती. एकटी वरची लावून मिरवण्यात त्याला अर्थ वाटला नाही. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडं आलेली. सुनेनं वाडगा पुढं ठेवला. कणसं त्याही दिवशी होती. टेबलावर आठ महिन्यांपूर्वीचा तो रविवार सगळ्यांना आठवला आणि कुणाला कुठं बघावं कळेना. थाऊनं व्याह्यांकडं पाहिलं. शब्द फुसफुसत निघाले, पण निघाले.

'व्याहीबुवा, काय विचारायचं ते विचारून घ्या. मग जेवू.'

व्याह्यांच्या जिभेवर शेपटाचं वाक्य तयार असणार, अशी सगळ्यांची खात्री. ते फक्त म्हणाले, 'दुखतं का फार?'

थाऊनं सांगितलं, पहिले चार दिवस दुखलं, आता नाही. पस्तीस आणि वीसही सांगितले. मग एक कणीस ओढून घेतलं, सुरीनं दाणे उतरवले, चमच्याच्या पाठीनं एकेक दाणा चिरडून सालं बाजूला केली आणि आतला गर भातात कालवला. त्याला एका कणसाला वीस मिनिटं लागली. मध्येच सून म्हणाली, मी करून देते. तो नको म्हणाला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

हात धुवायला तो बेसिनपाशी गेला तर मागोमाग व्याही आले. त्यांनी दार लोटलं, नळ सोडला, नळाच्या आवाजाआड उभे राहिले आणि अंगठ्यानं स्वतःची वरची कवळी सोडवून बाहेर काढून दाखवली. क्षणभरच. पुन्हा आत.

अकरा वर्षं झाली होती. विहीणबाईंना माहीत होतं, लेकीला नाही. अलीकडं ती कवळीही सैल झाली होती. ते म्हणाले, 'मी कधी कणीस घेतो का, बघितलंय तुम्ही?'

थाऊनं आठवून पाहिलं. खरंच, कणसांची थाळी आली की व्याही एखादा किस्सा काढायचे आणि थाळी पुढं सरकवायचे.

'मग त्या दिवशी बोललात कशाला?'

'सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडं राहावं म्हणून.'

थाऊनं नळ बंद केला. आठ महिने तो या माणसाला मनात काय काय बोलला होता. ते सगळं आता बोलता आलं असतं, आणि दारापलीकडं सगळं घर बसलेलं होतं. त्यानं टॉवेलला हात पुसले, टॉवेल व्याह्यांच्या हातात दिला.

'डॉक्टरणीचा पत्ता देतो,' तो म्हणाला. 'तोवर स्क्रेपर लावू नका. मी लावून पाहिला.'

चार महिने त्यानं मोजून काढले. हिरडी भरल्यावर डॉक्टरणीनं तात्पुरती मऊ अस्तराची कवळी दिली, ती हलायची. तो हलू द्यायचा. खरवडायचा मोह एकदाही झाला नाही असं नाही. एकदा तर तो बाकापर्यंत गेला, निळी नळी हातात घेतली, आणि परत ठेवली. जेवायला मात्र रोज आठला, खिडकीकडच्या खुर्चीवर.

चौथ्या महिन्याच्या शेवटी डॉक्टरणीनं दोन्ही स्क्रू तपासले. विसाचा स्क्रूही पक्का झाला होता. तिनं बटणं बसवली, नवी कवळी दिली आणि म्हणाली, तुम्हीच लावा. त्यानं दोन्ही बाजूंना बोटं ठेवून दाबली. टक्. आणि थोड्या अंतरानं दुसरं टक्. त्यानं जिभेनं ढकलून पाहिलं. गालानं ढकलून पाहिलं. खोकला. 'साडू' म्हणाला. मग अंगठ्याचं नख काठाखाली घालून ओढली, तर निघेना. दुसऱ्यांदा दोन्ही अंगठ्यांनी ओढली, तेव्हा निघाली. त्यानं ती पुन्हा लावली आणि खुर्चीतून उतरला. बाई म्हणाली, काका, एक लक्षात ठेवा, समोरच्या दातांनी ओढून काही खायचं नाही. कापून, मागच्या दातांनी चावायचं. हे तुमचे जुने दात नाहीत. थाऊ म्हणाला, त्या दातांचं मी काय केलं ते मला माहीत आहे.

रविवारी सगळे जमले. सुनेनं यावेळी मुद्दाम विचारलं, कणसं करू का. थाऊ म्हणाला, कर. व्याह्यांनी थाळी आल्यावर किस्सा काढला नाही. त्यांनीही एक घेतलं आणि थाऊकडं सुरी मागितली. त्यांच्या लेकीनं वडिलांकडं एकदा पाहिलं, सुरीकडं पाहिलं, आणि मिठाची वाटी त्यांच्या बाजूला सरकवली.

दाणे उतरवून थाऊ चावायला लागला. डावीकडं थोडं, उजवीकडं थोडं, बाईनं सांगितलं होतं तसं, दोन्ही बाजूंना भार सारखा. घाई नाही. दाणा फुटतो तेव्हा आवाज होतो, हे तो विसरला होता. मुलाचं जेवण झालं. विहीणबाईंचं झालं. बायको टेबलाला टेकून बसली होती, तिचंही झालं होतं. व्याही अर्ध्यावर होते, थाऊ त्यांच्याही मागं. पाऊण तास उलटला. रिकामी ताटं एकात एक ठेवत सून त्याच्यापाशी आली आणि सवयीनं तिचा हात त्याच्या ताटाकडं गेला.

थाऊनं तळहात ताटाच्या काठावर ठेवला.

'माझं चालू आहे,' तो म्हणाला.